अधिकृत घड्याळ

दिवाळी उरकली, कपाशी फुटली, की नांदुऱ्याच्या हवेत कापसाचे पुंजके तरंगायला लागतात. जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांमधून सुटलेले. दाराच्या फटीत अडकतात, केसांत बसतात, दोरीवरच्या ओल्या कपड्यांना चिकटतात. बरोबर याच दिवसांत शालेय स्पर्धांचं पत्र येतं. यंदाही आलं. बास्केटबॉल, मुली, आणि माझ्या नावापुढे ‘मुख्य पंच’. खाली ठळक अक्षरांत सूचना होती की पंचांनी पांढरी पँट घालूनच यावं. घड्याळाबद्दल एक अक्षर नव्हतं. आमच्या लोकांना पँटची काळजी जास्त.

पत्र वाचून खरं तर आनंद व्हायला हवा होता. बारा वर्षांपूर्वी याच स्पर्धेत मी टेबलावर घड्याळ सांभाळणारी म्हणून गेले होते, आणि आता मुख्य पंच. पण मला रागच आला. दरवर्षी या हवेत मला तो राग येतो. सर्दी व्हावी तसा येतो, आठ-पंधरा दिवस राहतो, आणि मी पुन्हा बाकीच्यांसारखी शहाणी होते.

त्या वर्षी मी तासिका तत्त्वावर खेळ शिकवत होते. स्पर्धेचं मैदान एका बड्या शाळेचं होतं. नाव घेत नाही, नाव घेऊन तिला आणखी मोठं करायचं नाही. सिमेंटचं कोर्ट, मधोमध एक तडा, एका रिंगला जाळी आणि दुसरी बोडकी. भिंतीपलीकडे तुरीचं शेत पिवळं झालेलं. सकाळी कोर्टावर धूळ आणि कापसाचे पुंजके यांचा थर असायचा, आणि पोरी ओली पोती दोन टोकांना धरून तो पुसत धावायच्या. तोंडातून वाफ निघायची. ओल्या तरटाचा आणि ताज्या चुन्याचा तो वास अजून कुठं आला की माझे हात नकळत गळ्याशी जातात, तिथं तेव्हा स्टॉपवॉच असायचं.

पोरी पुसत असताना पंचमंडळी काय करत होती, तर कोवळ्या उन्हात खुर्च्या टाकून आलूबोंडे खात होती. आमच्या जिल्ह्यातला पंच हा एक वेगळाच प्राणी आहे. त्याला नियमाचं पुस्तक मिळतं ते तो प्लॅस्टिकच्या आवरणासकट जपतो. शिट्टी मात्र उघडतो. गळ्यात हार घालून घेताना मान किती अंशात वाकवायची हे त्याला पक्कं ठाऊक असतं, पण शिट्टी वाजल्यावर डोळे कुठं न्यायचे हे विचारा, तो तुमच्याकडे अशा नजरेनं बघेल की जणू तुम्ही त्याच्या घरचं काही मागितलं. या सगळ्यांचे मुकुटमणी होते बडे सर. त्यांना सगळा जिल्हा बडे सरच म्हणायचा. ते मुख्य पंच. पोट पुढे, शिट्टी त्याच्याही पुढे.

आणि घड्याळ! एका देणगीदारानं लाल आकड्यांची भली मोठी पेटी दिली होती. पेटीवर आकड्यांपेक्षा देणगीदाराचं नाव मोठं, आणि तेही दोन बाजूंनी. ती विजेवर चालायची. वीज गेली की आतला वेळ पुसला जायचा आणि पुन्हा चालू केली की ती निर्लज्जपणे पूर्ण क्वार्टरची दहा मिनिटं दाखवायची. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आदल्या दोन दिवसांत तीनदा झालंही होतं. तरी बडे सरांनी टेबलावर दुसरं घड्याळ ठेवायला सांगितलं नाही, कारण मग पेटीचा अपमान झाला असता.

मी माझं स्टॉपवॉच घेऊन बसत होते ते माझ्या शिकवणाऱ्यांमुळे. टेबलाचं काम मला एका म्हाताऱ्या पंचांनी शिकवलं होतं. दातांत काडी धरून बोलायचे. त्यांचं सगळं शास्त्र पाच मिनिटांचं होतं. विजेचं घड्याळ चालू कराल तेव्हा हातातलंही चालू करा, ते थांबेल तेव्हा हेही थांबवा. शिट्टी वाजली की पंचानं आधी घड्याळ बघायचं, मग खेळाडू. घड्याळ बिघडलं तर खेळ जागच्या जागी थांबवायचा, चेंडू पंचाच्या काखेत, कोणालाही बाहेर सोडायचं नाही. दोन्ही प्रशिक्षकांना टेबलाजवळ एकत्र बोलवायचं, एकाला आधी आणि एकाला नंतर असं नाही. टेबलावर ज्याला नक्की वेळ माहीत आहे त्याला सगळ्यांदेखत विचारायचं. सांगितलेला वेळ लावायचा, मोठ्यानं म्हणायचा, कागदावर लिहायचा, आणि चेंडू ज्यांचा होता त्यांना देऊन पुढे खेळवायचं. कोणालाच नक्की माहीत नसेल तर पंचानं आपली अक्कल वापरायची. इथं ते काडी बाजूला काढून म्हणायचे, “असली तं.”

एवढंच. यात पदवी लागत नाही, सूट लागत नाही. लाज लागते थोडी.

अंतिम सामन्याच्या सकाळी एक पोरगी माझ्याजवळ आली. प्रज्ञा तिचं नाव, जळगाव जामोदच्या संघाची कप्तान, बारावीत. उंची बेताची, पण चेंडू हातात आला की पायांचा नुसता नाच. मी स्टॉपवॉच तपासत होते.

“मॅडम, हे काऊन ठेवता? एवढी मोठी घडी आहे ना तिथं.”

“ती बंद पडते.”

“हाव, ते तं पाह्यलं आमी.” ती हसली आणि मग एकदम गंभीर झाली. “आज जिंकलो तं विभागाले जाऊ मॅडम. बाबा म्हणले, विभागाले गेली तं अमरावतीले खेळाच्या कॉलेजात टाकतो. नाई गेली तं खेळ बंद, बारावीची परीक्षा द्यायची अन् घरी बसायचं. शब्द देला त्यायनं.”

तिचे वडील गवंडी होते. शब्दाचा माणूस, असं ती दोनदा म्हणाली. मी तिला म्हटलं, खेळ बिनधास्त. टेबलावर मी आहे. हे वाक्य मी म्हटलं होतं, याची आठवण मला पुसून टाकता आली असती तर बरं झालं असतं.

सामना चांगला झाला. इतका चांगला की आलूबोंडे खाणारेही उभे राहिले. शेवटच्या क्वार्टरमध्ये यजमान शाळा एका गुणानं पुढे होती. यजमानांच्या पोरीच्या पायाला लागून चेंडू बाहेर गेला, शिट्टी वाजली, पेटी थांबली, माझा अंगठाही दाबला गेला. थ्रो जामोदचा. प्रज्ञा रेषेवर जाऊन उभी राहिली, तिनं तळवे पँटला पुसले. माझ्या हातात नऊ मिनिटं एकोणीस सेकंद. म्हणजे एक्केचाळीस सेकंद बाकी. बास्केटबॉलमध्ये एक्केचाळीस सेकंद म्हणजे चांगला भरपूर वेळ. एक बास्केट हवी होती.

आणि फाटकातून पाहुण्यांची गाडी आत आली.

पाहुणे आले की खेळ थांबवून खेळाडूंची ओळख करून द्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. खेळ कुठल्याही अवस्थेत असो. पाहुणा रांगेतल्या प्रत्येकीशी हस्तांदोलन करतो, नाव विचारतो, नाव ऐकत नाही, कॅमेऱ्याकडे बघतो. दोन तास उशिरा आलेल्या त्या माणसासाठी बडे सरांनी लांब शिट्टी फुंकली. दमलेल्या, घामानं निथळलेल्या पोरी थंडीत रांगेत उभ्या राहिल्या. माइक लागत नव्हता. वायरच्या बोर्डावर दोनच भोकं होती, एकात माइकवाल्याचा पंखा आणि एकात पेटी. हो, पंखा. नोव्हेंबरात. त्याचं मशीन तापायचं म्हणे. शाळेचे सचिव ओरडले, “अबे, साहेब उभे आहेत, लाव ना कायतरी काढून!” आणि माइकवाल्यानं पंखा तसाच ठेवला आणि पेटीची पिन उपटली.

लाल आकडे गेले. मी उभी राहून ओरडले, पण तोवर माइक चालू झाला होता आणि पाहुण्यांच्या कार्याचा आढावा सुरू झाला होता.

दहा मिनिटांनी पिन परत लागली. पेटीनं दहा मिनिटं दाखवली. बडे सर टेबलाशी आले, आकडे बघितले आणि त्यांचा चेहरा ज्याला आपण विचारमग्न म्हणतो तसा झाला. म्हणजे त्यांना काहीच सुचत नव्हतं.

“सर, एक्केचाळीस सेकंद बाकी आहेत,” मी स्टॉपवॉच पुढे केलं. “थ्रो जामोदचा.”

त्यांनी ते बघितलंही नाही. “मॅडम, हे तुमचं घरचं घड्याळ. अधिकृत घड्याळ ते.” पेटीकडे बोट.

“ते तर बंद पडलं होतं.”

“तेच सांगून राह्यलो. अधिकृत घड्याळच बंद पडलं तं वेळ मोजणार कशानं? मोजता येत नाही म्हणजे वेळ नाही. सामना तिथंच संपला.”

मी आयुष्यात बरीच मूर्ख वाक्यं ऐकली आहेत, काही बोललेही आहे, पण याच्या तोडीचं नाही. घड्याळ बंद पडलं म्हणून वेळ संपला! मग नांदुऱ्याच्या स्टेशनवरचं घड्याळ बंद पडलं की गाड्यांनी रुळांवरच राहायचं का? पण हे सगळं मला आत्ता सुचतं. तेव्हा पाहुण्यांनी घड्याळाकडे बघितलं, मनगटावरच्या, त्यांना एका लग्नाला जायचं होतं, आणि त्यांनी विचारलं, “कोण पुढे आहे?”

“आपली शाळा, साहेब,” सचिव म्हणाले.

“मग झालं की.”

झालं. यजमानांच्या प्रशिक्षक बाईंनी एकदा टेबलाकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यांनाही कळत होतं. कळणाऱ्यांची संख्या तिथं कमी नव्हती, हे मला जास्त टोचतं. जामोदच्या सरांनी नियमाचं नाव काढलं तेव्हा बडे सर माझ्याजवळ वाकले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, “मॅडम, ते हातातलं शून्य करा. उगा वाद काऊन? तुमचं नाव म्या राज्याच्या टेबल-पंचांच्या यादीसाठी पाठवून राह्यलो.”

मी शून्य केलं. एक बटण होतं. दाबलं. नऊ मिनिटं एकोणीस सेकंद गेले आणि तिथं चार शून्यं आली.

बडे सरांचा मला तिरस्कार वाटतो, तो मी कधी लपवला नाही. सचिवांचा वाटतो, पाहुण्यांचा वाटतो, नोव्हेंबरात पंखा लावणाऱ्या त्या माइकवाल्याचाही. पण त्यांच्यापैकी कोणालाही एक्केचाळीस हा आकडा माहीत नव्हता. तो फक्त मला माहीत होता.

बक्षिसं वाटली गेली, फटाक्यांची एक लडही वाजली. प्रज्ञा टेबलाशी आली. रडत नव्हती. बूट हातात, पायमोज्यांवर कोर्टाचा चुना.

“मॅडम, तुमच्या घडीत किती होते?”

बडे सर दोन हातांच्या अंतरावर उभे होते, हार काढून घडी करत होते. मी म्हणाले, “अगं, त्या गडबडीत माझं लक्षच नव्हतं.”

ती “बरं,” म्हणाली, आणि गेली.

माझं नाव यादीत आलं. पुढे नोकरी पक्की झाली, राज्यभर टेबलावर बसले, मग शिट्टी मिळाली. आता मी नव्या पंचांना शिकवते. मागच्या आठवड्यात वर्ग होता. बारा-पंधरा जण, सगळ्यांच्या पँटी पांढऱ्याशुभ्र. मी फळ्यावर आकृती काढून सांगत होते की घड्याळ बिघडलं तर ज्याला नक्की वेळ माहीत आहे त्याला आधी विचारा. मागून एकानं विचारलं, “मॅडम, अन् त्यानं सांगितलंच नाई तं?” बाकीचे हसले. मी म्हणाले, पुढच्या मुद्द्याकडे वळू. बडे सर समोर पहिल्या खुर्चीत होते, आता ते निवृत्त आहेत आणि म्हणून मार्गदर्शक. त्यांनी मान डोलावली. चांगलं शिकवता, म्हणाले नंतर. खरंच, मी चांगलं शिकवते. हा माणूस वर्षानुवर्षं कसा झोपत असेल असा मला प्रश्न पडायचा, आता पडत नाही. मलाही झोप येते.

परवा यंदाचं मैदान बघायला म्हणून जळगाव जामोदची बस पकडली. खिडकीतून दिसत होतं, कपाशीची पहिली वेचणी आटपली होती, बायका कापूस टाकायच्या ओट्या पाठीला बांधून दुसऱ्या वेचणीला लागल्या होत्या. दूर सातपुड्याची निळी रेघ. कंडक्टर बाई तिकिटं फाडत पुढे आल्या.

“अर्धं ना मॅडम? कुठलं देऊ?”

आवाजावरून नाही, तळवा पँटला पुसण्याच्या सवयीवरून ओळखलं मी. खाकी पँटला. तिनं मला कधीच ओळखलं होतं, बसमध्ये चढतानाच.

“प्रज्ञा?”

“हाव मॅडम.”

तिनं तिकिटं संपवली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन बसली. बारावीनंतर दोन वर्षं घरी, मग लग्न, मग भरती निघाली तशी एसटीत. नवरा चांगला आहे. एक पोरगी आहे, तिसरीत. वडील आता थकलेत, तिच्याजवळच असतात. सगळं बरं आहे, असं ती सांगत गेली, आणि मला वाटलं, बरं आहे ना, मग आता बोलायचं कशाला. ही माझी जुनी अक्कल. पण पत्र पर्समध्ये होतं आणि त्यावर माझ्या नावापुढे ‘मुख्य पंच’ लिहिलेलं होतं, आणि मला स्वतःचा एवढा तिटकारा आला की शब्द आपोआप बाहेर पडले.

“एक्केचाळीस सेकंद होते, प्रज्ञा. माझ्या घड्याळात. मी तुला खोटं सांगितलं.”

तिनं घंटीची दोरी धरून एका म्हातारीला उतरवलं, पुन्हा दोनदा ओढली.

“मले मालूम होतं तुमाले मालूम आहे म्हून,” ती म्हणाली. “तुमच्या अंगठ्याकडं पाहात होती ना मी, थ्रो घ्याच्या टायमाले. शिट्टी वाजली की दाबत होत्या तुमी. एकडाव बी चुकल्या नाई.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ द्या. मग उठून नव्यानं चढलेल्यांची तिकिटं फाडून आली. गाडी जळगावच्या जवळ आली तेव्हा म्हणाली, “माह्यं जाऊ द्या मॅडम. पण घरी येऊन बाबाले एवढं सांगता का? माही ड्यूटी इथंच सुटते.”

“त्यांना आता आठवतं का ते?”

“त्यायलेच तं आठवते.”

ऊन कलत होतं तेव्हा आम्ही तिच्या घरी पोचलो. दोन खोल्या, वडिलांनी स्वतःच्या हातानं बांधलेल्या, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, ओसरीत नातीचं दप्तर. म्हातारबाबा खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. प्रज्ञानं माझी ओळख करून दिली, “ह्या त्या घडीवाल्या मॅडम.” त्यांनी लगबगीनं उठून खुर्ची पुसली. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, वेळ शिल्लक होता, पोरगी खरं बोलत होती, माझ्या हातात होतं आणि मी बोलले नाही.

त्यांनी सोलायला घेतलेली शेंग हातातच राहिली.

“ही त्या रोजी घरी आली तं म्हणे, बाबा, टाइम बाकी होता, आमाले खेळूच नाई देलं,” ते म्हणाले. “म्या म्हटलं, घडी कोणापाशी होती? तं म्हणे मॅडमपाशी. मंग मॅडम काय म्हणल्या? तं म्हणे, त्यायचं ध्यान नव्हतं. म्या हिच्या कानाखाली देली. म्हटलं, हरली तं हरली, बहाणे काऊन सांगते?”

प्रज्ञा आत चहा ठेवायला गेली होती. भांड्याचा आवाज थांबला.

म्हातारबाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, रागाची मी तयारी करून गेले होते.

“तुमी शिकलेल्या बाई,” ते म्हणाले. “म्या माह्या पोरीले सोडून तुमच्यावर भरोसा ठेवला.”